बुडालेलं इंजिन आणि अण्णांचा एक प्रश्न



आज जरा वेगळा विषय घेतोय. इतिहास आहे, पण शनिवारवाड्याचा नाही. इंजिनाचा आहे, आणि त्यातही पाण्यात बुडालेल्या इंजिनाचा. विषय रुक्ष वाटला तरी थोडा धीर धरा, कारण सगळी गोष्ट धीराचीच आहे.

साल २००७. त्या वर्षी टेक्सासात पावसाने कहर केला होता. मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला आमच्या शेजाऱ्याने त्याच्या गावाकडच्या रानात बोलावलं होतं. तिथे त्याची एटीव्ही होती. इथली मंडळी तिला फोर-व्हीलर म्हणतात. आपल्याकडे फोर-व्हीलर म्हटलं की मारुती डोळ्यांसमोर येते, पण हे प्रकरण म्हणजे मोटरसायकलसारखं सीट आणि हँडल, आणि खाली फुगे लावावेत तशी चार गुबगुबीत चाकं. "जरा चक्कर मारून येतो" म्हणून मी ती घेतली आणि सरळ ओढ्यात घातली. पाणी गुडघ्याएवढं असेल असा अंदाज होता, निघालं कमरेच्या वर. मधोमध गेल्यावर चाकं जमिनीवरून सुटली, गाडी होडीसारखी तरंगली, फिरली आणि कुशीवर झाली. मी उडी मारली म्हणून वाचलो. इंजिन गुडगुड करून बंद पडलं.

पिकअपला दोर बांधून गाडी बाहेर काढली. आता खरी गंमत. मी मेकॅनिकल इंजिनियर. पदवी पुण्याची, त्यावर इथली मास्टर्स. शेजारी माझ्याकडे मोठ्या आशेने बघतोय. मी काय करावं? स्टार्टरचं बटण दाबलं. 'टक्' असा आवाज आला आणि सगळं शांत. दहा मिनिटं थांबून पुन्हा दाबलं. या वेळी इंजिनाने दोन-चार फेरे घेतले, मला वाटलं जिंकलो, आणि आतून 'खाड्' असा जो आवाज आला तो अजून कानात आहे. कनेक्टिंग रॉड वाकला होता. दुरुस्तीचे अठराशे डॉलर मी दिले. शेजारी सज्जन, तो नको नको म्हणत होता. पण पैशापेक्षा लाज जास्त वाटत होती.

रविवारी नेहमीप्रमाणे पुण्याला फोन. अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, तेव्हा सत्तरीचे. कॉमर्सचे पदवीधर, इंजिनियरिंगशी संबंध शून्य. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "प्लग काढला होतास का?"

मी गप्प. हा प्रश्न एका कॉमर्सवाल्याला सुचला आणि मला नाही, याचं कारण शोधता शोधता हा लेख तयार झाला.

आधी थोडं शास्त्र, म्हणजे पुढचं समजायला सोपं. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढतो आणि वर येताना ते दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. ५०० सीसीचं एक सिलिंडर घ्या आणि कॉम्प्रेशन रेशो ९ धरा. पिस्टन अगदी वर आला की डोक्यावर जागा उरते साधारण ६२ सीसी. म्हणजे आपला एक कटिंग चहा फार तर. तेवढं पाणी सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही. पण मागून फ्लायव्हीलचा जोर असतो, तो थांबत नाही. मग सगळ्यात कमजोर जो असेल तो वाकतो, आणि तो बहुधा कनेक्टिंग रॉड असतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. माझ्या बाबतीत पहिल्यांदा 'टक्' झालं तेव्हा पाणी अडलेलं होतं, पण स्टार्टरच्या मोटरमध्ये रॉड वाकवण्याइतकी ताकद नव्हती. मधल्या दहा मिनिटांत थोडं पाणी झिरपून गेलं, इंजिन फिरलं, आणि फिल्टरच्या डब्यात साचलेलं पाणी त्याने स्वतःच्या जोराने आत ओढलं. पहिला 'टक्' ही सूचना होती. मी ती ऐकली नाही.

आता इतिहासाकडे. पेट्रोलच्या इंजिनाला पाण्यातून न्यायचं कसं, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा गंभीर झाला तो दुसऱ्या महायुद्धात. समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं तर जीप, ट्रक, रणगाडे हे सगळं छातीभर पाण्यातून चालत किनारा गाठणार. त्यावर तेव्हा दोन वेगळी उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर म्हणजे गाडीचीच होडी करायची. जनरल मोटर्सच्या ट्रकला होडीचं अंग देऊन १९४२ मध्ये 'डक' तयार झाली. इंजिन होडीच्या पोटात कोरडं, आणि आत आलेलं पाणी उपसायला पंप. लष्करातल्या बऱ्याच जणांना ही कल्पना म्हणजे पोरखेळ वाटत होती. पण त्याच वर्षी डिसेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वादळात तटरक्षक दलाची एक बोट अडकली, आणि तिथे चाचणीसाठी आणलेल्या डकने त्यातली माणसं सोडवून आणली. मग कोणी हसलं नाही.

दुसरं उत्तर जीपचं. गाडी भिजू द्यायची, पण इंजिनाची नाकं-तोंडं बंद करायची. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत उतरलेल्या गाड्यांची तयारी बघितली तर आपल्याकडच्या लग्नघरासारखी लगबग दिसते. स्पार्क प्लग, डिस्ट्रिब्यूटर, कॉइल यांच्यावर चिकट लेप थापलेले, हवा ओढायची नळी उंच नेलेली, धुराची नळी उंच नेलेली, तेलाच्या टाकीचे श्वास घ्यायचे मार्ग बुजवलेले. हे सगळं काही मिनिटांपुरतंच. किनाऱ्याला लागल्यावर ड्रायव्हरने ते लगेच काढायचं, नाहीतर तोंड दाबलेलं इंजिन स्वतःच्याच उष्णतेने मरायचं. म्हणजे पाण्यापासून वाचवायला केलेली तजवीज जमिनीवर जीव घेणार. हा विरोधाभास लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

तजवीज फसली तर काय होतं, तेही त्याच दिवशी दिसलं. निकोलस स्ट्राऊसलर यांनी शेर्मन रणगाड्याभोवती कॅनव्हासचा पडदा उभा करून तो तरंगवायची युक्ती काढली होती. शांत पाण्यात ती चालायची. ओमाहा किनाऱ्यासमोर ७४१ व्या बटालियनने खवळलेल्या समुद्रात असे २९ रणगाडे सोडले. त्यातले २७ बुडाले. कितीतरी पोरं त्यात गेली. पडद्यावरून एक लाट आत आली की संपलं.

युद्धानंतर अमेरिकन लष्कराने धडा गिरवला. १९५० च्या एम-३८ जीपमध्ये २४ व्होल्टची पाणबंद इग्निशन आली, आणि इंजिन, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी या सगळ्यांचे श्वास नळ्यांनी एका बंद व्यवस्थेत जोडले गेले. म्हणजे लेप थापायची गरज बरीचशी संपली. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती मात्र साध्या जातीची. कोकणातल्या नद्यानाले ओलांडताना पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, म्हणजे पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्यूटर भिजवत नाही, ही युक्ती जुन्या ड्रायव्हर लोकांकडून लहानपणी मीही ऐकली आहे. पाणी ओलांडलं की पट्टा पुन्हा चढवायचा.

आता एटीव्ही. 'ऑल टेरेन व्हेइकल' हे नाव मुळात आजच्या एटीव्हीचं नव्हतंच. १९६० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत जायगर, अँफिकॅट अशा सहा चाकी छोट्या गाड्या निघाल्या. प्लॅस्टिकच्या टबाला सहा गुबगुबीत चाकं लावलेली. त्या खरोखरच पाण्यात पोहायच्या. ऑल टेरेन म्हणजे जमीन आणि पाणी दोन्ही. नावाचा मान त्यांचा होता.

१९६७ मध्ये होंडाच्या अमेरिकेतल्या कंपनीने जपानला निरोप धाडला. हिवाळ्यात मोटरसायकली विकल्या जात नाहीत, डीलर हात चोळत बसतात, त्यांना विकायला काहीतरी द्या. हे काम ओसामू ताकेउची नावाच्या इंजिनियरकडे आलं. त्यांनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळं करून बघितलं आणि शेवटी तीन चाकांवर शिक्कामोर्तब केलं. पण बर्फात, चिखलात चाकं रुततच होती. तेव्हा अमेरिकेहून अँफिकॅट त्यांच्याकडे पाठवली गेली, आणि तिचे कमी हवेचे फुगीर टायर बघून ताकेउचींना उत्तर सापडलं. १९७० मध्ये होंडाची तीन चाकी यूएस-९० बाजारात आली, किंमत ५९५ डॉलर. पुढे तिचं नाव एटीसी-९० झालं. १९७१ च्या जेम्स बाँडपटात शॉन कॉनरीने अशीच गाडी वाळवंटात पळवली आणि जाहिरातीचं काम फुकटात झालं.

आता गंमत बघा. होंडाने पोहणाऱ्या गाडीचे टायर घेतले, पण टब घेतला नाही. म्हणजे तरंगायची शक्ती आली, कोरडं राहायची व्यवस्था आली नाही. पुढे सुझुकीने १९८२ मध्ये चार चाकी आणली, १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना ताकद देणारी आणली, गाड्या वजनदार झाल्या, पण टायर तसेच फुगीर. मी घरी बसून स्थूलमानाने हिशोब केला. मी पाडलेल्या गाडीच्या चार टायरांत मिळून दोनशे लिटरपेक्षा जास्त हवा असावी. म्हणजे दोनशे किलोवर भार पाणीच उचलणार. वजनदार इंजिन आणि माणूस वर, तरंगणारी चाकं खाली. पाणी खोल झालं की चाकांची पकड सुटते आणि गाडी उलटायला बघते, कारण हलक्या वस्तूला वर यायचं असतं आणि जड वस्तूला खाली जायचं असतं. ज्या टायरांनी ही गाडी जन्माला घातली तेच टायर तिला ओढ्यात उताणी पाडतात. माझं नेमकं हेच झालं.

तीन चाकींचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. वळणावर त्या सहज कलंडायच्या. खेळणं समजून आईबापांनी पोरांच्या हातात दिल्या आणि फार मुलं जखमी झाली, दगावली. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकन सरकार आणि पाच मोठे उत्पादक यांच्यात कोर्टामार्फत समझोता झाला आणि नव्या तीन चाकींची विक्री थांबली. आपली मुलं इथे मित्रांच्या फार्मवर जातात, हौसेने एटीव्हीवर बसतात. मोठ्यांच्या गाडीवर लहान पोर बसवायचं नाही, आणि हेल्मेट नसेल तर कोणीच बसायचं नाही, एवढं या इतिहासातून घेतलं तरी पुरे.

आता अण्णांची गोष्ट.

१२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण सकाळी फुटलं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून रचून ते थोपवून धरलं होतं. त्याच्या लोंढ्याने खालचं, १८७९ सालचं खडकवासला धरणही त्याच दिवशी फुटलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, लकडी पूल पाण्याखाली गेला. अण्णा तेव्हा चोवीस वर्षांचे. नारायण पेठेत वाड्यात राहायचे. आजी, आत्या आणि ते, गच्चीवरून गच्चीवर करत वाचले. अंगणात उभी होती त्यांची सेकंडहँड बुलेट. मद्रासला १९५५ पासून बुलेट जुळायला लागल्या, त्यातलीच एक. अण्णांनी दोन वर्षं पैसे साठवून महिन्यापूर्वीच घेतलेली.

पाणी ओसरल्यावर वाड्याची मागची भिंत गेलेली होती आणि बुलेट गाळात आडवी पडलेली होती. अण्णांनी ती उभी केली आणि माझ्यासारखंच पहिलं काम केलं. किक मारायला पाय उचलला. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी गॅरेज असलेले मेस्त्री ओरडले, "मालक, पाय खाली! आधी प्लग काढा!"

मेस्त्रींचं स्वतःचं गॅरेज वाहून गेलं होतं. हातात एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर, बस्स. त्यांनी प्लग काढला, डीकॉम्प्रेसर दाबला आणि हळूच किक खाली नेली. प्लगच्या भोकातून लाल चिखलाचं कारंजं उडालं. "हे आत असताना लाथ मारली असती तर रॉड गेला असता," एवढंच म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते अण्णा मला नेहमी ऐकवायचे. "पाण्यात होती तोवर बरी होती. आता हवा लागली, आता गंज धरेल. घाई करायची ती उघडायची, चालू करायची नाही."

मंडळी, या एका वाक्यात सगळी विद्या आहे. आपण उलटं करतो. चालू करायची घाई करतो, आणि चालू झाली नाही की "बघू पुढच्या रविवारी" म्हणून सोडून देतो. तेवढ्यात सिलिंडरला गंज, रिंगा चिकटलेल्या, बेअरिंग खडबडीत.

इंजिन उघडायचं ठरलं, पण धुवायचं कशाने? रॉकेल हवं. आणि त्या आठवड्यात पुण्यात रॉकेल म्हणजे चूल. वीज नाही, जळण भिजलेलं, स्टोव्हवरच सगळ्यांचं अन्न. आजीकडे मिळवलेली एक बाटली होती. अण्णा तिच्याकडे मागायला गेले तेव्हा तिने विचारलं, "गाडी चालू होऊन काय होणार आहे?" अण्णांनी उत्तर दिलं, "पाणी आणता येईल." शहराला पाणी पाजणारं धरणच फुटलेलं. नळ कोरडे. लोक जुन्या विहिरींवर रांगा लावत होते. आजीने बाटली दिली आणि त्या संध्याकाळी घरात कोणी गरम जेवलं नाही.

हेड काढलं, बॅरल काढलं, गाळ पुसला, रॉकेलने धुतलं. तेच रॉकेल फडक्यातून गाळून पुन्हा वापरलं. पॉइंट घासले, कार्बोरेटरचे जेट तोंडाने फुंकले. रिंगा गंजलेल्या होत्या, त्या कॅम्पातून कोणाकडून तरी जुन्या मिळवल्या. तेल घातलं, पाच मिनिटं इंजिन चालवलं, सांडलं. पहिलं तेल दूध घातलेल्या चहासारखं निघालं, दुसरं जरा काळसर. तिसऱ्याला तेल तेलासारखं दिसलं. बाराव्या दिवशी बुलेट चालू झाली. पुढे कित्येक दिवस दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून अण्णा त्या बोळाला पाणी आणून देत होते. पाण्याने बुडवलेली गाडी पाणी वाहत होती. मेस्त्रींनी मजुरी घेतली नाही. त्याऐवजी त्यांच्या घरी रोजचे दोन कॅन आधी, असा करार झाला होता.

म्हणून मी म्हटलं, युद्धात दोन उत्तरं निघाली. एक, पाणी बाहेर ठेवा. दोन, भिजा, पण तोंड बंद ठेवा. मेस्त्रींचं तिसरं उत्तर होतं. पाणी शिरलं हे मान्य करा आणि शांतपणे बाहेर काढा. आज एटीव्ही बुडाली तर करायचं तेच आहे. क्रमाने सांगतो, जपून ठेवा.

बटणाला हात लावायचा नाही. किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. स्वतःला आठवून विचारायचं, पाण्यात गेली तेव्हा इंजिन चालू होतं का? चालू होतं तर रॉड वाकल्याची शक्यता गृहीत धरून पुढे जायचं.

एअर फिल्टरचा डबा उघडायचा. पाणी काढायचं, फिल्टर काढून ठेवायचा. हीच पायरी मी चुकलो. दोघातिघांनी मिळून गाडी मागच्या बाजूवर उभी केली तर सायलेन्सरमधलं पाणीही निघतं.

प्लग काढायचा. मग इंजिन हाताने किंवा दोरीने हळू फिरवायचं. भोकासमोर तोंड नेऊ नका. प्लग काढूनही अडखळत असेल, घासल्यासारखं वाटत असेल तर तिथेच थांबून मेकॅनिक गाठायचा. मोकळं फिरत असेल तर पाणी निघेपर्यंत फिरवायचं आणि मग सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं.

इंजिनाचं तेल सोडायचं. पाणी जड, ते तळाशी असतं, म्हणून बूच काढल्यावर आधी पाणी येतं. नवं तेल घालून, थोडं चालवून पुन्हा सोडायचं, दुधाळपणा जाईपर्यंत. दोन-तीनदा लागतंच. यासाठी महाग तेल नको, पण तेलाचा ग्रेड बरोबर हवा.

कार्बोरेटर असेल तर खालच्या वाटीचा स्क्रू सोडून पाणी काढायचं, टाकीतलं पेट्रोल बदलायचं. बेल्टवर चालणारी गाडी असेल तर बेल्टच्या डब्याचं बूच काढायचं, नाहीतर बेल्ट घसरत राहील आणि आपण इंजिनाला दोष देत बसू. गिअर आणि डिफरन्शियलचं तेल बघायचं. गरम डबा गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि तो पाणी ओढून घेतो, म्हणून तिथेही दुधाळ तेल सापडतं. एम-३८ वर नळ्या जोडल्या होत्या त्या याचसाठी.

खारं पाणी असेल तर सगळं आधी गोड्या पाण्याने धुवायचं, कारण मीठ अॅल्युमिनियमला खातं. आणि मग कोरडा प्लग लावून चालू करायची. पांढरी वाफ येईल, घाबरू नका. चांगली गरम होईपर्यंत चालवा, ब्रेक तपासा, आणि त्या आठवड्यात चाकांच्या बेअरिंगला ग्रीस द्या.

हल्ली बरेच हौशी लोक एटीव्हीला उंच स्नॉर्केल लावतात. हा शब्द पाणबुड्यांकडून आला, आणि मूळ कल्पना डच नौदलाची. पण नळी फक्त इंजिनाचं नाक उंच नेते. बेल्ट, बेअरिंग आणि तरंगणारे टायर तिथेच राहतात. नळीमुळे धाडस वाढतं, पाणी कमी होत नाही.

शेवटची गोष्ट सांगतो आणि आवरतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला जेमतेम ७३. माझा मावसभाऊ कलिन्याजवळ गाडीत अडकला. इंजिन बंद पडलं, पाणी सीटपर्यंत आलं, आणि हा किल्ली फिरवत बसलेला. कर्जाची नवी गाडी, सोडवेना. काचेवर कोणीतरी जोरात थाप मारली. एक म्हातारा टॅक्सीवाला. "साहेब, गाडी मरू दे, तुम्ही उतरा!" पॉवर विंडो बंद पडलेली, दार पाण्याने दाबलेलं, दोघांनी मिळून ते कसंबसं उघडलं. त्या रात्री मुंबईत काही लोक बंद गाड्यांमध्येच गुदमरून गेले. मावसभाऊ छातीभर पाण्यातून चालत पहाटे घरी पोचला. टॅक्सीवाल्याचं नाव विचारायचं राहिलं, याची त्याला अजून चुटपुट आहे.

इथे आपण सगळे ह्यूस्टन, न्यू जर्सी, फ्लोरिडा असे पसरलेले. २०१७ च्या हार्वे वादळात एकट्या टेक्सासात लाखो गाड्या बुडाल्या. आपण इन्शुरन्सच्या अटी वाचतो, पण पाण्यात किल्ली फिरवायचा मोह कोणत्याही अटीत लिहिलेला नसतो. आधी माणूस बाहेर, मग गाडी बाहेर, मग प्लग बाहेर. चालू करायचं ते सगळ्यात शेवटी.

अण्णा २०१४ साली गेले. बुलेट आम्ही त्याआधीच विकली होती. पण मेस्त्रींनी त्या दिवशी काढलेला प्लग अण्णांनी टेबलाच्या खणात ठेवला होता, गाळाचा लाल डाग अजून पोर्सलीनवर आहे. तो आता माझ्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलाय. त्यानंतर शेजाऱ्याची एटीव्ही आणखी एकदा पाण्यात गेली, या वेळी त्याच्या मुलाच्या हातून. मुलगा सुखरूप होता. शेजारी बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात मी ओरडलो. मराठीतच ओरडलो, पण त्याला कळलं.

चूकभूल द्यावी घ्यावी. कोणाच्या घरी पानशेतच्या पुरातल्या यंत्रांच्या, सायकलींच्या, शिवणयंत्रांच्या अशा आठवणी असतील तर जरूर लिहा. ती पिढी आता थोडी उरली आहे.

लोभ असावा,
एक मूळचा नारायण पेठकर, मुक्काम टेक्सास